भिंतीवरची वरात

साल 1800. लंडनमधल्या स्ट्रँड रस्त्यावर घोडागाड्यांनी उडवलेला चिखल चुकवत तुम्ही 101 नंबरच्या दुकानात शिरता. दुकान रुडॉल्फ आकरमान यांचं. गृहस्थ मूळचे सॅक्सनीचे. घोडागाड्यांची डिझाइनं करता करता चित्रांच्या धंद्यात आले.

"भिंतीला लावायच्या पट्ट्या हव्यात," तुम्ही म्हणता. नोकर एक मोठा कागद पुढ्यात पसरतो. त्यावर आडव्या पट्ट्या आणि पट्ट्यांत माणसांची नुसती रांग. कुणाचं पोट पुढे, कुणाची हनुवटी. कल्पना जॉर्ज वुडवर्डची; तांब्याच्या पत्र्यावर ती आम्लाने कोरलीय थॉमस रोलंडसनने. रंग मात्र हाताने भरलेले, म्हणून एका प्रतीतलं नाक दुसरीपेक्षा जरा जास्तच लाल.

यात पंतप्रधान शोधू नका. त्यांची टर उडवायला जेम्स गिलरे समर्थ आहे. त्याची ताजी चित्रं पाहायला सेंट जेम्स स्ट्रीटवर हॅना हम्फ्रींच्या दुकानाबाहेर लोक खिडकीला नाक लावून उभे असतात. आजचं राजकारण उद्या शिळं होतं. भिंतीला टिकाऊ गिऱ्हाईक लागतं, म्हणजे तुमच्याआमच्यासारखी माणसं.

घरी येऊन तुम्ही कात्री घेता. पिठाची खळ शिजते. पट्ट्या कापून, टोकाला टोक जुळवून भिंतीवरच्या कागदाच्या कडेने चिकटवायच्या. कागदाची ओबडधोबड कडही झाकली जाते. कोपऱ्यात जरा हिशेब चुकतो: एका गृहस्थाची टोपी या भिंतीवर, चेहरा त्या भिंतीवर.

संध्याकाळी पाहुणे येतात. मेणबत्ती उंच धरून एकेक जण वरात न्याहाळतो, शेजाऱ्यांची नावं कुजबुजतो, हसतो. पिकॅडिलीतला सॅम्युअल फोर्स व्यंगचित्रांचे संग्रह संध्याकाळपुरते भाड्याने देतो. हसून झालं की परत करता येतात. तुम्ही मात्र विनोद खळीने चिकटवून बसलात. उद्या न्याहारीलाही तेच लाल नाक, परवाही तेच. महिनाभरात तुम्ही वर बघणंच सोडता. विनोदाची वेलबुट्टी होते ती अशी.

मग कधीतरी खोलीला नवा कागद लागतो आणि वरात त्याखाली जाते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये किंवा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये या पट्ट्या आज पाहायला मिळतात, त्या कात्री न लागलेल्या अखंड कागदांवर. भिंतीसाठी छापलेलं टिकलं, ते भिंतीवर न गेल्यामुळे.