प्रसूतिरजा आणि गर्भाचे पहिले आठ आठवडे
रांजणगाव (तालुका शिरूर) व कुरकुंभ (तालुका दौंड) येथे औद्योगिक वसाहती झाल्यापासून कामकरी मातेच्या संरक्षणाचा प्रश्न या भागासही लागू झाला आहे. शिसे मातेच्या रक्तातून गर्भापर्यंत पोहोचते. छपाईच्या खिळ्यांचे काम करणाऱ्या स्त्रियांतील गर्भपात फ्रेंच वैद्य पॉल यांनी १८६० मध्येच नोंदविले होते. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने प्रसूतिपूर्व रजेची मर्यादा सहा आठवडे ठरविली. २०१७ मध्ये, दोनहून कमी अपत्ये असणाऱ्या स्त्रियांसाठी, ती आठ झाली. परंतु गर्भाचे अवयव घडतात ते पहिल्या आठ आठवड्यांत, आणि व्यंगाचा धोका तेव्हाच सर्वाधिक. शिवाय हाडांत पूर्वी साठलेले शिसे गर्भारपणी पुन्हा रक्तात उतरते. तात्पर्य, रजा अखेरच्या आठवड्यांपुरती. आरंभीचे रक्षण कारखान्यातील हवा निर्मळ राखूनच होईल.