डास, रक्त आणि प्रशासन

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी बंगळूरला असताना माझ्यापुढे एक अर्ज आला. एका एचआयव्हीबाधित कर्मचाऱ्यास शासकीय वसाहतीतून अन्यत्र हलवावे, अशी काही रहिवाशांची मागणी होती. वसाहतीत डास फार आहेत आणि त्याला चावलेला डास आमच्या मुलांनाही चावेल, असे कारण त्यात दिले होते. ‘वैद्यकीय अभिप्राय घ्यावा’ असा शेरा मारून मी धारिका पुढे पाठवली. अभिप्राय येण्यापूर्वीच त्या कर्मचाऱ्याने स्वतःहून बदली मागून घेतली.

त्या भीतीमागे इतिहास आहे. ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेग बंगळूरला पोहोचला. मुंबईत तो १८९६ पासूनच होता. रोग कोणत्या वाटेने पसरतो हे ठाऊक नसतानाच १८९७ चा साथरोग कायदा झाला आणि घरझडत्या व सक्तीचे विलगीकरण सुरू झाले. पुण्यातील अतिरेकाची परिणती त्याच वर्षी जूनमध्ये रँडच्या हत्येत झाली. पुढे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने उंदरावरील पिसू प्लेगचा वाहक असल्याचे प्रयोगाने दाखवले; त्याला मान्यता मिळण्यास मात्र काही वर्षे लागली. बंगळुरातील बसवनगुडी व मल्लेश्वरम या मोकळ्या वसाहती त्याच साथीच्या काळात आकारास आल्या. कीटक चावल्याने रोग पसरतो, हे या शहराने असे अनुभवाने शिकले आहे.

परंतु प्लेग हा जिवाणूजन्य रोग. विषाणूंचे काय? येथे भेद करावा लागतो. डेंग्यूचा विषाणू रुग्णाच्या रक्तातून डासाच्या पोटात जातो, तेथील पेशींत वाढतो आणि साधारण आठ ते बारा दिवसांत लाळग्रंथींपर्यंत पोहोचतो. त्यानंतरच तो डास दुसऱ्यास बाधा करू शकतो. एचआयव्ही डासाच्या शरीरात वाढत नाही, तेथे तो पचून नष्ट होतो. शिवाय डास रक्त शोषतो एका नलिकेने आणि लाळ सोडतो दुसरीने. आधीच्या माणसाचे रक्त तो पुढच्याच्या अंगात टोचत नाही. हिपॅटायटिस बी व सी हेही रक्तातून पसरणारे विषाणू. पण तेही डासामुळे पसरत असल्याचा पुरावा नाही.

हे केवळ तर्काने ठरलेले नाही. अमेरिकेत फ्लोरिडातील बेल ग्लेड या गावी एड्सचे रुग्ण फार आढळल्याने डासांवर संशय घेतला गेला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत कीटकांमार्फत प्रसार झाल्याचा पुरावा मिळाला नाही. डास तर मुलांनाही चावतात. पण तपासलेल्या दोन ते दहा वर्षांच्या मुलांपैकी एकही बाधित नव्हते.

तरीही १९८९ च्या फेब्रुवारीत गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना एचआयव्हीबाधित म्हणून पोलिसांनी ताब्यात घेतले आणि सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस एकांतात ठेवले. त्यांच्या बाधेचा शोध रक्तदानामुळे लागला होता. त्यांच्या मातोश्री उच्च न्यायालयात गेल्या. कायद्याची ती तरतूद न्यायालयाने अंतिमतः वैध ठरवली. प्लेगच्या काळातील उपाय, रोगाची वाट न पाहता, एका निराळ्याच रोगाला लावला गेला होता. अशा विलगीकरणास भेदभाव मानणारा केंद्रीय कायदा २०१७ साली झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला.

याउलट २०२४ मध्ये कर्नाटकाने डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केले आणि डासांची पैदास होऊ देणाऱ्यांवर दंडाची तरतूद केली. येथे रोष रुग्णावर नसून साचलेल्या पाण्यावर आहे. रोगाची वाट आणि शासनाचा उपाय येथे जुळतात.

अर्थशास्त्रात आम्ही शिकलो की प्रत्येक निर्णयाला किंमत असते. लांबवलेल्या निर्णयालाही असते, हे मी त्या धारिकेपाशी शिकलो. माझा शेरा नियमाला धरून होता. पण बेल ग्लेडचा निष्कर्ष तोवर बराच जुना झाला होता आणि तो शोधण्यास एखादी दुपार पुरली असती. त्या दुपारीच अर्ज फेटाळून, वसाहतीत धूरफवारणीचा व गटारे वाहती करण्याचा आदेश मी द्यायला हवा होता. डास खरोखरच फार होते.