टर्नरचा सूर्यास्त आणि बुडालेली माणसे

निसर्गचित्र पाहताना आपण बहुधा ‘काय सुरेख उजेड दाखवला आहे!’ असे म्हणून पुढे सरकतो. उजेड म्हणजे चित्राचा शृंगार, अशी आपली समजूत असते. पण एकोणिसाव्या शतकातील एका इंग्रज चित्रकाराने उजेडाला साक्षीदार म्हणून उभे केले. त्याचे नाव जोसेफ मॅलॉर्ड विल्यम टर्नर (१७७५-१८५१). लंडनमधल्या एका न्हाव्याचा हा मुलगा. १८४० साली त्याने रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात एक समुद्रचित्र मांडले. आज ते ‘गुलामांचे जहाज’ या नावाने ओळखले जाते आणि अमेरिकेतील बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे.

चित्र फार मोठे नाही; रुंदी सुमारे चार फूट, उंची तीन. मध्यभागी मावळता सूर्य. त्याच्यापासून पांढऱ्या-पिवळ्या तेजाचा एक पट्टा सरळ खाली पाण्यावर उतरला आहे. आकाश लाल, केशरी. डावीकडे जांभळट, काळसर वादळ चढत आहे. समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होते, ते कळत नाही, कारण मधली हवा पाण्याच्या तुषारांनी भरलेली आहे. पांढरा रंग जागोजागी इतका जाड आहे की तो हाताला लागेल असे वाटते. इतर ठिकाणी पातळ थरांतून खालचा रंग झिरपतो. ऊबदार रंगांशेजारी थंड निळा-करडा ठेवल्यामुळे ही आग अधिकच पेटलेली दिसते.

नजर आधी सूर्याकडे जाते. मग डावीकडच्या, शिडे उतरवलेल्या जहाजाकडे. उजव्या कोपऱ्यात मात्र ती उशिरा पोचते. तिथे पाण्याबाहेर एक पाय आहे. त्या पायात लोखंडी बेडी आहे. भोवती मासे आणि समुद्रपक्षी तुटून पडले आहेत. लाटांमध्ये हात आणि साखळ्या दिसू लागतात. ज्या उजेडाचे आपण क्षणभरापूर्वी कौतुक करीत होतो, तोच आपल्याला हे दाखवतो.

टर्नरने चित्राला दिलेल्या लांबलचक नावाचा आशय असा: तुफान येत आहे आणि गुलामांचे व्यापारी मेलेल्यांना व मरणाऱ्यांना समुद्रात फेकत आहेत. अभ्यासक या चित्राचा संबंध १७८१ सालच्या ‘झाँग’ जहाजाशी जोडतात. चारशेहून अधिक आफ्रिकी बंदी घेऊन ते जमैकाकडे निघाले होते. वाट चुकली. पाणी कमी पडत असल्याचे कारण पुढे करून खलाशांनी १३० हून अधिक जिवंत माणसे समुद्रात फेकली. हिशेब विम्याचा होता. गुलाम आजाराने मेला तर भरपाई नाही. जहाज वाचवण्यासाठी ‘माल’ फेकला तर मिळेल. मालकांनी माणशी ३० पौंड मागितले. १७८३ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी फेरसुनावणीचा आदेश दिला. पण खुनाचा खटला कोणावरही चालला नाही. जहाजाची नोंदवही न्यायालयासमोर आलीच नाही.

ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला, वसाहतींतील गुलामगिरी संपवण्याचा कायदा १८३३ मध्ये केला. तरीही इतर देशांची जहाजे अटलांटिक ओलांडतच होती. पश्चिम आफ्रिकेतून नेलेल्यांत मुसलमानही होते. त्यांपैकी उमर इब्न सईद यांनी अमेरिकेत गुलाम असतानाच १८३१ मध्ये आपली जीवनकथा अरबीत लिहिली. हजरत बिलाल (रजि.) यांच्या छातीवरचा दगड ज्यांना माहीत आहे, त्यांना चित्रातल्या बेडीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

परंतु उजेडाच्या मोहात बेडी विसरणारे रसिक तेव्हाही होते. थोर समीक्षक जॉन रस्किन यांनी १८४३ मध्ये ‘मॉडर्न पेंटर्स’ या ग्रंथात या समुद्राचे, या रंगांचे पानभर गुणगान केले. टर्नरचे अमरत्व एकाच चित्रावर ठरवायचे झाले तर आपण हेच निवडू, असे त्यांचे मत होते. मात्र हे जहाज गुलामांचे आहे, ही गोष्ट त्यांनी तळटीपेत टाकली. पुढे हे चित्र त्यांच्या मालकीचे झाले आणि अखेर त्यांनी ते विकले. त्याच्यासोबत राहणे त्यांना असह्य झाले होते, असे सांगतात.

आणि खुद्द टर्नर? १८०५ मध्ये त्याने जमैकातील गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या एका मालमत्तेत १०० पौंड गुंतवले होते. पस्तीस वर्षांनी त्याने हे चित्र काढले. मधल्या काळात त्याच्या मनात काय घडले, याचा दाखला म्हणून हे चित्रच आपल्यापुढे आहे. त्याला संत ठरवण्याची गरज नाही, आणि या गुंतवणुकीमुळे चित्र खोटेही ठरत नाही.

झाँगवरच्या त्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. हिशेबात फक्त त्यांची किंमत राहिली. टर्नरलाही त्यांचे चेहरे रंगवता आले नाहीत. पण त्याने सूर्य असा ठेवला की जहाज आणि बेडी एकाच उजेडात यावीत. चित्राचे सौंदर्य जरूर अनुभवावे. मात्र तो उजेड कशावर पडला आहे, हे पाहिल्याशिवाय तिथून हलू नये. नाहीतर आपणही ती माणसे पुन्हा एकदा तळटीपेत ढकलू.