आउटबॉक्स (१)

आउटबॉक्स या शब्दापुढे कंसात आकडा दिसू लागला की पहिला संशय जातो तो नेटवर. "नेट स्लो आहे", "सर्व्हर डाऊन आहे" वगैरे. मग सेंड-रिसीव्हचं बटण चारपाच वेळा दाबून होतं, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडून होतो, शेवटी मशीनच रिस्टार्ट. तो (१) तिथेच. गंमत म्हणजे त्याच वेळी बाहेरून येणारे मेल धडाधड येत असतात. येणारं चालू आणि जाणारं बंद, असं का? याचं उत्तर सेटिंग्जच्या खिडकीपेक्षा इतिहासात लवकर सापडतं असं माझं मत आहे, म्हणून आजचा शनिवार त्याच्यावर.

(ई-मेलला विरोप म्हणणाऱ्यांनी माफ करावं. दिवसभर ऑफिसात मेल मेल करून जिभेला वळण लागलंय. :-))

आधी एक गोष्ट. मेल रांगेत थांबणं हा मुळात बिघाडच नाही. रे टॉमलिन्सनने १९७१ साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये शेजारीशेजारी असलेल्या दोन मशीन्समध्ये पहिला नेटवर्क मेल पाठवला आणि पत्त्यात @ आणलं, ते सगळ्यांना माहीत असतं. पण पुढची कित्येक वर्षं जगातली बहुतेक मशीन्स एकमेकांना कायमची जोडलेली नव्हतीच. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्कने सत्तरच्या दशकात यूयूसीपी नावाचा प्रकार लिहिला. त्यात एक मशीन दुसऱ्याला चक्क टेलिफोन लावायचं, साठलेला माल द्यायचं, तिकडचा घ्यायचं आणि फोन ठेवायचं. फोनचे दर रात्री कमी, म्हणून दिवसभराचे मेल रात्रीपर्यंत पडून राहायचे. आपल्याकडेही एर्नेट १९८६ साली सुरू झालं तेव्हा जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यातला मेल असाच टेलिफोनच्या तारेवरून जायचा. मुंबईतले त्या काळचे टेलिफोन ज्यांनी वापरलेत त्यांना या रांगेचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

म्हणजे थांबणं चालतं. मग काय चालत नाही? तर हरवणं. हे १९८२ साली जॉन पोस्टेलने लिहिलेल्या आरएफसी ८२१ मध्ये स्पष्ट येतं. एसएमटीपी म्हणतात तो हा नियम, आणि आजही मेल मूळ त्याच चालीने जातो. दोन मशीन्समधला हा संवाद अगदी साधा आहे. मी अमुक, हेलो. हा मेल तमुककडून आहे. तो फलाण्याला द्यायचाय. घे मजकूर. यातल्या प्रत्येक वाक्याला समोरचा तीन आकडी उत्तर देतो आणि त्यातला पहिला आकडा महत्त्वाचा. २ म्हणजे ठीक, ४ म्हणजे आत्ता नाही, नंतर ये, ५ म्हणजे नाही म्हणजे नाही.

मजकूर घेऊन झाल्यावर जो २५० येतो ना, तो म्हणजे पोस्टात रजिस्टर केल्यावर हातात मिळणारी पावती. त्या क्षणापासून मेलची जबाबदारी समोरच्या सर्व्हरची. त्याने एकतर तो पुढे पोचवायचा, नाहीतर पाठवणाऱ्याला "पोचला नाही हो" असं कळवायचं. मधल्या काळात मशीन बंद पडलं ही सबब चालत नाही. १९८९ च्या नियमांत तर लिहूनच ठेवलंय की पलीकडचा सर्व्हर मिळत नसेल तर किमान अर्ध्या अर्ध्या तासाने पुन्हा बघा आणि चारपाच दिवस तरी आशा सोडू नका. आपल्या सरकारी कचेऱ्यांत इतकी चिकाटी दिसली तर मी पेढे वाटीन.

आता आउटबॉक्स कुठे बसतो बघा. तो या पावतीच्या अलीकडे आहे. सेंट आयटम्समधला मेल कुणीतरी पावती देऊन घेतलेला असतो, आउटबॉक्समधला मेल कुणीही घेतलेला नसतो. त्याच्यावर चार दिवसांचा नियम लागू नाही, परत येण्याची हमी नाही. तुमचा प्रोग्रॅम बोलका असेल तर सांगेल, नाहीतर तो (१) महिनाभर तसाच राहील.

मग हे लोक पावती का देत नाहीत? कारण ८२१ मध्ये एक गोष्ट नव्हती. "तू कोण?" हा प्रश्नच नव्हता. हेलो म्हणताना नाव सांगायचं, पण ते खरं आहे का हे कुणी विचारत नसे. कुणीही कुठल्याही सर्व्हरकडे जावं, कुणासाठीही मेल द्यावा आणि त्याने तो पुढे पाठवावा. याला ओपन रिले म्हणतात. आज हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, पण तेव्हा तो शेजारधर्म होता. शेजाऱ्याचं पत्र आपल्या वाटेवर असेल तर टाकून येण्याइतका साधा. नेटवर्कवरची माणसंच मोजकी होती आणि बहुतेक विद्यापीठांतली किंवा प्रयोगशाळांतली.

नव्वदच्या दशकात इंटरनेट सगळ्यांना खुलं झालं (आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला दिलं) आणि स्पॅमवाल्यांनी हा शेजारधर्म धुऊन काढला. एक मेल आणि हजारो पत्ते एखाद्या गरीब विद्यापीठाच्या सर्व्हरवर टाकायचे, की पाठवण्याचा भार त्याचा आणि शिव्याही त्यालाच. १९९८ साली सेंडमेल या तेव्हाच्या सर्वांत चलतीच्या सर्व्हरने ८.९ आवृत्तीत हे दार मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. आता सर्व्हर फक्त आपल्या माणसांचे मेल घेणार.

पण आपला माणूस ओळखायचा कसा? मेल पाठवताना पासवर्ड विचारण्याची सोयच नव्हती. मग जुगाड निघाले. मेल घेताना तर पासवर्ड लागतोच ना, मग ज्या पत्त्यावरून आत्ताच कुणी पासवर्ड देऊन मेल घेतले, त्या पत्त्याला थोडा वेळ पाठवायलाही परवानगी. "आधी मेल चेक करा, मग पाठवा" हा सल्ला ज्यांनी हेल्पलाइनवर ऐकलाय त्यांना तो अंधश्रद्धेसारखा वाटला असेल. नव्हता. त्यामागे हे कारण होतं.

खरा उपाय डिसेंबर १९९८ मध्ये आला. रँडल गेलेन्स आणि जॉन क्लेन्सिन यांच्या आरएफसी २४७६ ने सरळ दोन दारं केली. सर्व्हरांनी आपापसात बोलायचं ते जुनं पोर्ट २५. माणसांनी आपला नवा मेल द्यायला यायचं ते पोर्ट ५८७. पाठवताना पासवर्ड कसा द्यायचा हे १९९९ मध्ये ठरलं. झालं, प्रश्न सुटला! कागदावर. कारण घरोघरच्या प्रोग्रॅम्समध्ये २५ हाच आकडा भरून यायचा आणि तो बदलायला कुणी जात नसे.

मग २००० नंतर व्हायरस लागलेली घरगुती मशीन्स स्वतःच थेट पोर्ट २५ वर स्पॅम ओकू लागली, तेव्हा जगभरच्या इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकांसाठी २५ बंद करायला घेतलं. एका परीने योग्यच. फक्त ग्राहकाला सांगायचं बऱ्याच ठिकाणी राहून गेलं.

माझ्या मामाचं भोसरीत छोटं वर्कशॉप होतं, जिग्ज-फिक्श्चर्स करायचा. २००६ मध्ये त्याने डायल-अप सोडून ब्रॉडबँड घेतलं आणि त्याच आठवड्यात दोन कोटेशन्स मेल केली. उत्तर येईना. शनिवारी मी गेलो तर आउटबॉक्समध्ये सहा मेल, पैकी दोन ही कोटेशन्स. एका कंपनीची मुदत बुधवारी संपलेली. मामाच्या हिशोबी मेल गेला होता, कारण त्याने सेंड दाबलं होतं. मध्येच एक इंग्रजी खिडकी यायची ती तो ओके करून टाकायचा, आणि इतर मेल येत होते म्हणजे सगळं ठीक असणार! मी २५ च्या जागी ५८७ घातलं, "सर्व्हरला पासवर्ड लागतो" ची खूण केली, आणि सहाही मेल दहा सेकंदांत गेले. मुदत संपलेल्या कंपनीलाही गेला. मामाने चहा सांगितला आणि इतकंच म्हणाला, "म्हणजे आठवडाभर ते पत्र माझ्याच टेबलावर होतं म्हण की रे." आउटबॉक्सची याहून चांगली व्याख्या मी वाचलेली नाही.

पोर्ट बंद असतं तेव्हा बहुधा समोरून "नाही" सुद्धा येत नाही. मधली भिंत पाकीटं गुपचूप गिळते आणि आपला प्रोग्रॅम वाट बघत बसतो. किती वाट बघायची हा आकडाही मोठा मजेदार. ट्रे हॅरिस या सिस्टिम अॅडमिनचा किस्सा नेटवर गाजलेला आहे, २००२ मध्ये त्याने तो लिहिला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांनी त्याला तक्रार केली की आमचा मेल पाचशे मैलांच्या पलीकडे जात नाही. तो हसला, पण तपासलं तर खरंच! कुणीतरी मशीन अपग्रेड करताना सेंडमेलची जुनी आवृत्ती परत आली होती. नव्या आवृत्तीची सेटिंग्ज तिला कळेनात, म्हणून वाट बघायची वेळ झाली शून्य. शून्य म्हणजे त्या मशीनवर साधारण तीन मिलिसेकंद. तेवढ्यात प्रकाश साडेपाचशेच्या आसपास मैल जातो. असो.

अडकण्याचं दुसरं जुनं कारण म्हणजे फोटो. मेल मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी केलेला. १९९२ च्या माइम नियमांनी त्यात चित्रं, आवाज सगळं कोंबता आलं, पण ते अक्षरांत बदलून. त्यात आकार सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. त्यामुळे २५ एमबीची मर्यादा असेल तर वीस एमबीची फाइलसुद्धा बसत नाही. त्यात घरगुती लाइनवर वर चढवायचा वेग खाली उतरवण्यापेक्षा बराच कमी असायचा. निम्म्यावर तुटलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि रांग असल्यामुळे लग्नाच्या अल्बममागे बाकीचे सगळे साधे दोन ओळींचे मेल ताटकळत. अशा वेळी पुढचा जाडजूड मेल उचलून ड्राफ्ट्समध्ये ठेवायचा, की मागचे आपोआप जातात. आणि आउटलुक वापरणाऱ्यांनी "गेला का बघू" म्हणून आउटबॉक्समधला मेल उघडू नये. उघडून नुसता बंद केला की तो पाठवायच्या यादीतून उतरतो, पुन्हा सेंड दाबावं लागतं.

पोर्ट ४६५ ची कथा तर अजून वेगळी. पहिल्यापासून कुलूप लावलेल्या मेलसाठी १९९७ मध्ये हा आकडा नोंदवला, मग लगेच रद्द करून पुढे भलत्याच कामाला दिला. लोकांनी ऐकलं नाही, वापरत राहिले. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८३१४ ने तोच अधिकृत करून टाकला. म्हणून कुठे ५८७ सांगतात, कुठे ४६५, आणि दोन्ही बरोबर असतं. फक्त कुलपाचा प्रकार त्या आकड्याला जुळणारा निवडायचा, नाहीतर दोन्हीकडे शांतता.

आणि "तू कोण?" हा प्रश्न अजून कडक होतोय. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांवर बाहेरच्या प्रोग्रॅमना नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर आत घेणं बंद केलं. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅम्सनी नवी पद्धत शिकून घेतली होती. शिकू शकले नाहीत ते ऑफिसांच्या कोपऱ्यातले जुने स्कॅनर, जे कागद स्कॅन करून थेट मेल करतात. त्यांना आउटबॉक्सही नाही आणि कंसातला आकडाही नाही. तुमच्याकडे असा एखादा असेल तर खात्याला आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग सोळा अक्षरांचा अॅप पासवर्ड काढून त्यात भरा. त्या इवल्याशा कीपॅडवर सोळा अक्षरं दाबताना जो काय त्रास होईल तो होईल.