आउटबोर्ड इंजिनातील कीटकजन्य अडथळे

आउटबोर्ड इंजिनातील कीटकजन्य अडथळे म्हणजे नौकेच्या मागील बाजूस बाहेरून बसवल्या जाणाऱ्या इंजिनाची लहान छिद्रे व नळ्या कीटकांच्या घरट्यांमुळे बुजणे. गांधीलमाशीच्या कुळातील एकांडे कीटक (बोलीत कुंभारीण) आणि पाने कापणाऱ्या एकांड्या मधमाश्या यांच्यामुळे हे प्रामुख्याने घडते. इंजिन रोज वापरात असेल तर अडथळा सहसा निर्माण होत नाही. दीर्घकाळ कोरड्या जागी ठेवलेल्या इंजिनात तो हमखास आढळतो. त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावरील मासेमारीपेक्षा वाशिम जिल्ह्यासारख्या अंतर्गत भागांतील शोध व बचाव कार्याच्या नौकांच्या दृष्टीने हा विषय अधिक महत्त्वाचा ठरतो. अशा नौका वर्षातील बहुतेक काळ गोदामात असतात आणि पूर आला की काही मिनिटांत पाण्यात उतरवाव्या लागतात.

कीटक आणि त्यांची घरटी

मराठीत ‘कुंभारीण’ हे नाव एकाच जातीचे नाही. चिखलाचे घरटे बांधणाऱ्या अनेक जातींना ते सरसकट लावले जाते. घराच्या भिंतीवर, तुळईवर किंवा देवघरातील तसबिरीमागे मातीचे ओबडधोबड गोळे दिसतात, ते बहुधा स्केलिफ्रॉन प्रजातीचे काम असते. भारतात स्केलिफ्रॉन मद्रासपटानम ही जाती सर्वत्र आढळते. सुबक मडक्याच्या आकाराचे घरटे करणाऱ्या डेल्टा प्रजातीच्या माश्या वेगळ्या कुळातील आहेत. या सर्व माश्या एकांड्या असतात. त्यांच्यात राणी, कामकरी किंवा वसाहत नसते. एकटी मादी ओलसर जागेवरून चिखलाच्या गोळ्या जबड्यात धरून आणते, कोठडी बांधते, तीत दंश करून लुळे केलेले भक्ष्य भरते, एक अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. स्केलिफ्रॉनचे भक्ष्य कोळी असते, तर डेल्टा व तिच्या नातलगांचे भक्ष्य पतंगांच्या अळ्या असते. अंड्यातून निघालेली अळी हा ताजा साठा खाऊन वाढते, कोषात जाते आणि शेवटी माशी होऊन मातीचे बूच कुरतडून बाहेर पडते.

इंजिनाच्या संदर्भात एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. भिंतीवर ठळकपणे दिसणारी स्केलिफ्रॉन ही छिद्रे बुजवणारी मुख्य दोषी नव्हे; ती उघड्या पृष्ठभागावर स्वतःचे घरटे उभारते आणि तिचा मातीचा गोळा दुरूनही दिसतो. खरा उपद्रव आयत्या पोकळीत घर करणाऱ्या जातींचा असतो. ऱ्हिंकियम व अँटोडायनेरस या प्रजातींच्या माश्या बांबूची नळी, कुलपाचे भोक, विजेच्या सॉकेटची छिद्रे अशी तयार पोकळी निवडतात, तिच्या आत मातीचे आडपडदे घालून कोठड्या करतात आणि फक्त तोंडाशी बूच बसवतात. निळसर चकाकीची कॅलिबियन बेंगालेन्स ही माशीदेखील आयत्या भोकांचा व स्केलिफ्रॉनच्या रिकाम्या घरट्यांचा आश्रय घेते. बाहेरून पाहिले तर केवळ मातीचा एक ठिपका दिसतो. आत अडथळा किती लांबवर गेला आहे हे कळत नाही.

मेगाकायली प्रजातीच्या एकांड्या मधमाश्याही नळ्यांत घरटी करतात. त्यांतील काही जाती पानांचे गोल तुकडे कापून त्यांच्या गुंडाळ्या नळीत रचतात, तर काही माती किंवा डिंक वापरतात. पानांची गुंडाळी पाण्याने विरघळत नसल्याने ती काढणे मातीपेक्षा जिकिरीचे असते. कोळी हे कीटक नव्हेत, तरी त्यांची जाळीही असाच अडथळा करतात. २०११ मध्ये माझ्दा कंपनीने उत्तर अमेरिकेतील ‘माझ्दा ६’ मोटारी तपासणीसाठी परत मागवल्या, त्या इंधन टाकीच्या वायुनळीत कोळी जाळे विणत असल्यामुळेच.

कोणती छिद्रे बुजतात

आउटबोर्ड इंजिन ज्या पाण्यावर चालते त्याच पाण्याने थंड राखले जाते. पंख्याच्या वरच्या भागात रबरी पात्यांचा पंप असतो. तो खालून पाणी ओढून इंजिनाभोवती फिरवतो आणि त्यातील बहुतांश पाणी धुरासोबत बाहेर पडते. थोडे पाणी एका बारीक नळीतून बाजूला सोडलेले असते. इंजिन चालू असताना मागील बाजूने पाण्याची जी सडसडीत धार पडते ती हीच. ‘पंप काम करीत आहे’ एवढेच सांगणे हे तिचे प्रयोजन असते. तिचे छिद्र अवघे काही मिलिमीटर रुंद, पाण्याच्या पातळीच्या वर आणि उन्हापावसापासून आडोशाला असते. एकांड्या माशीला याहून सोयीची जागा मिळणे कठीण.

बहुतेक इंजिनांत हे छिद्र बुजल्याने इंजिन लगेच तापत नाही, कारण मुख्य प्रवाह दुसऱ्या मार्गाने चालूच असतो. धोका वेगळ्या प्रकारचा आहे. धार दिसली नाही की नियमानुसार इंजिन ताबडतोब बंद करावे लागते. पुराच्या वेगवान प्रवाहात इंजिन बंद केलेली नौका मात्र चालकाच्या हातात राहत नाही. उलट ‘या इंजिनाची धार अशीच पडत नाही’ अशी सवय चालकाला झाली, तर पंपाची रबरी पाती खरोखर तुटल्यावरही ते त्याच्या लक्षात येत नाही आणि दट्ट्या जाम होईपर्यंत इंजिन चालत राहते. धोक्याची घंटा असलेल्या इंजिनांत या दुसऱ्या शक्यतेला काहीसा आळा बसतो.

दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे सुट्या इंधन टाकीच्या झाकणावरील हवेचे छिद्र. इंधन जसे खर्च होते तशी टाकीत हवा शिरावी लागते. छिद्र बुजलेले असेल तर टाकीत निर्वात निर्माण होतो, इंधन ओढले जात नाही आणि व्यवस्थित सुरू झालेले इंजिन काही मिनिटांनी दम कोंडल्याप्रमाणे बंद पडते. इंधननळीवरील हाताने दाबायचा रबरी फुगा अशा वेळी चपटा झालेला दिसतो. किनाऱ्यावर घेतलेल्या अर्ध्या मिनिटाच्या चाचणीत हा दोष उघड होत नाही. नौका प्रवाहाच्या मध्यावर पोहोचल्यावर तो प्रकट होतो.

याशिवाय संथ गतीत धूर बाहेर सोडणारे पाण्यावरील छिद्र बुजल्यास इंजिन मंद चालताना गुदमरते. आवरणाच्या तळाची निचऱ्याची भोके आणि नौकेच्या तळातील पाणी काढण्याचे भोक यांचेही असेच होते, परंतु त्यांचे परिणाम सावकाश जाणवतात.

वाशिम जिल्ह्यातील संदर्भ

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. जिल्ह्यात मोठी नौकानयनयोग्य नदी नाही. तलावांवरील मासेमारी मुख्यतः तराफे, हवा भरलेल्या ट्यूब व वल्ह्यांच्या लहान नावा यांवर चालते. तथापि पैनगंगा व तिच्यावरील बॅरेज, काटेपूर्णा, अडाण आणि अरुणावती या नद्या, तसेच एकबुर्जी, सोनल व अडाण या प्रकल्पांचे जलाशय यांमुळे पावसाळ्यात पूर व बुडण्याच्या घटनांत नौकेची गरज पडते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची पथके धुळे व नागपूर येथे असतात. ती पोहोचेपर्यंतचा काळ स्थानिक पथकांना निभवावा लागतो. अशा पथकांच्या हवा भरण्याच्या रबरी नौकांना आउटबोर्ड इंजिनेच जोडली जातात.

येथील हवामान अडथळ्यांना पोषक आहे. पावसाळा सरला की इंजिने कोरड्या खोलीत टांगली जातात. हिवाळ्यात व उन्हाळ्यात बाहेर चिखल दुर्मीळ असला, तरी पाण्याची टाकी, नळकोंडाळे किंवा गुरांचे हाळ यांच्या भोवतीची ओल माशीला पुरते. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जात असल्याने मातीचे बूच चांगलेच कडक वाळते. मग जूनमध्ये, वापराच्या अगदी तोंडावर, आवरण उघडले जाते.

हाच अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही. गोठ्यात ठेवलेले तुषार सिंचनाचे पाईप, फवारणी पंपाची तोंडे, ठिबकच्या नळ्यांची उघडी टोके यांत दर हंगामात माती निघते. तेथे नुकसान तासाभराच्या कामाचे असते एवढाच फरक.

विमानांतील उदाहरणे

नौकांतील अशा बिघाडांची नोंद क्वचितच ठेवली जाते. विमानांच्या बाबतीत मात्र अधिकृत चौकशा झालेल्या आहेत. विमानाचा वेग मोजणारी पिटो नळी हीदेखील पुढून उघडी, बारीक पोकळी असते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून निघालेले बर्जेनएअर कंपनीचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळून त्यातील सर्व १८९ जण मृत्युमुखी पडले. उड्डाणापूर्वी काही दिवस विमान उभे असताना नळ्यांवर आवरणे नव्हती, आणि एक नळी बुजल्याने वैमानिकाला चुकीचा वेग दिसत होता. ती नळी समुद्रातून हाती लागली नाही. तरीही कुंभारीण माशीचे घरटे हेच संभाव्य कारण मानले जाते.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन विमानतळावर पॅकोडायनेरस नासिडेन्स या मूळच्या अमेरिका खंडातील माशीने हाच प्रश्न उभा केला. २०१३ मध्ये तेथून निघालेले एतिहाद कंपनीचे विमान वेगाची नोंद विसंगत आल्याने परतले. तपासणीत नळीत मातीचे घरटे सापडले. विमान तेथे फार वेळ थांबलेलेही नव्हते. त्यानंतर तेथे नळ्यांच्या प्रतिकृती ठेवून निरीक्षण करण्यात आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३९ महिन्यांत नळी पूर्णपणे बुजल्याच्या ९३ घटना नोंदल्या गेल्या.

निदान व साफसफाई

धार न दिसल्यास प्रथम छिद्राचे तोंड पाहावे. मऊ तार किंवा जाड तंगूस हलक्या हाताने फिरवल्यास वरवरचे बूच निघते. मात्र बाहेरून आत रेटणे ही नेहमीची चूक आहे. त्यामुळे मातीचे तुकडे नळीच्या वळणात जाऊन बसतात आणि अडथळा पूर्वीपेक्षा पक्का होतो. आवरण काढून नळी आतील टोकाकडून सोडवावी आणि आतून बाहेर पाणी किंवा कमी दाबाची हवा मारावी, ही सुरक्षित पद्धत होय. विदर्भातील काळी माती भिजताना फुगते, म्हणून बूच भिजवल्याबरोबर ओढाताण न करता त्याला पुरते सैल होऊ द्यावे. पानांची गुंडाळी आकड्याच्या तारेने बाहेरच ओढावी लागते.

साफसफाईनंतरची चाचणी पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिनाचा खालचा भाग बुडवून घ्यावी. कोरडे इंजिन चालवू नये. पंपाची रबरी पाती पाण्याविना थोड्याच वेळात जळतात. चाचणी किमान दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावी, कारण इंधन टाकीतील निर्वात त्याआधी जाणवत नाही. इंजिन मंदावल्यास टाकीचे झाकण किंचित सैल करावे. त्याने ते पुन्हा सुरळीत चालले तर दोष हवेच्या छिद्रातच आहे.

प्रतिबंध

साठवणीच्या काळात हवेचा स्क्रू घट्ट बंद ठेवणे, संपूर्ण इंजिनाला तळापासून बांधलेली कापडी पिशवी घालणे आणि महिन्यातून एकदा छिद्रे तपासणे एवढे पुरेसे असते. छिद्रात बूच बसवायचे असल्यास त्याला लांब, भडक रंगाची फीत बांधावी. १८ जुलै २०१८ रोजी ब्रिस्बेनहून मलेशिया एअरलाइन्सचे एक विमान माश्यांपासून संरक्षणासाठी घातलेली पिटो नळ्यांची आवरणे न काढताच उडाले आणि वैमानिकांना वेगाच्या नोंदीविना परत उतरावे लागले. उपाय विसरला गेला की तोच अडथळा ठरतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

कीटकनाशकाची फवारणी सुचवली जात नाही. काही द्रावणांनी रबरी नळ्या खराब होतात. शिवाय अळ्या पकडणाऱ्या कुंभारणी पिकांच्या उपयोगाच्या असतात, आणि वाशिममध्ये सोयाबीनसोबत मोठ्या प्रमाणावर घेतल्या जाणाऱ्या तुरीचे परागीभवन मेगाकायली माश्या करतात. गोदामाबाहेर पोकळ बांबूचे तुकडे टांगल्यास या माश्यांना पर्यायी जागा मिळू शकते.

लोकसमजूत

कुंभारीण अळी आणून तिच्याभोवती गुणगुणते आणि त्या ध्यासाने अळीच कुंभारीण बनते, असा समज भारतात प्राचीन काळापासून आहे. संस्कृतमधील कीटभृंगन्याय आणि मराठी संतसाहित्यातील भृंगीचा दृष्टान्त त्यावरच आधारलेले आहेत. प्रत्यक्षात आणलेली अळी भक्ष्य असते. बाहेर पडणारी माशी तिच्यावर वाढलेल्या अंड्यातील जिवाची असते; इंजिनाच्या नळीतून उकरलेल्या मातीत या दोहोंचे अवशेष एकत्र मिळतात.