लाला दीनदयाळ यांचे तीन स्टुडिओ

स्वप्रांतापासून दूर, सरकारी वसाहतीतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या आम्हां नोकरमाणसांच्या मनोराज्याचा एक आवडता विषय असतो : स्वतःचा लहानसा धंदा. कोणी मनातल्या मनात छापखाना काढतो, कोणी पुस्तकांचे दुकान थाटतो, कोणी फोटोचा स्टुडिओ. आणि पगार हाती पडला म्हणजे ते मनोराज्य पुढील महिन्यावर ढकलले जाते. यात हसण्यासारखे काही नाही. परंतु त्या मनोराज्यात एक उणीव बहुधा आढळते. धंदा वाढवावयाचा, एवढेच त्यात ठरलेले असते. किती वाढवावयाचा, कोठे, कोणत्या गिऱ्हाइकासाठी आणि कोणत्या क्रमाने, हे ठरलेले नसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंदूर येथील एका सरकारी नोकराने या प्रश्नांची उत्तरे आपल्या कृतीने दिली. त्यांचे नाव लाला दीनदयाळ. कलावंत म्हणून त्यांची कीर्ती मोठी आहे व तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे आम्ही त्यांच्याकडे छायाचित्रांचा व्यवसाय पायरीपायरीने वाढविणारे एक हिशेबी गृहस्थ या नात्याने पाहणार आहोत.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मीरतजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी स्थापत्याचे शिक्षण घेतले, आणि १८६६ मध्ये इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत ते हेड एस्टिमेटर व ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झाले. इंदूर ही होळकरांची राजधानी. गादीवर दुसरे तुकोजीराव होते, दरबारात मराठी मंडळींचा वावर होता, आणि शेजारीच रेसिडेन्सीत इंग्रजी अंमल नांदत होता. उत्तरेकडून आलेला हा तरुण तेथे परस्थच होता. आज आपण इतर प्रांतांत आहोत, तसाच.

त्यांच्या नोकरीचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. एस्टिमेटरचे काम म्हणजे बांधकामाचा अंदाज करणे. पूल बांधावयाचा तर दगड किती, चुना किती, मजुरी किती, पावसाळ्यापूर्वी कोठवर काम न्यावयाचे, हे पहिली कुदळ पडण्यापूर्वी कागदावर मांडावे लागते. अशा कामात त्यांची आठ वर्षे गेली, आणि १८७४ मध्ये, वयाची तिशी गाठल्यावर, त्यांनी हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला.

त्या काळी हा नाद स्वस्तही नव्हता आणि सोपाही नव्हता. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत तेव्हा रूढ होती. काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षारात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि ती वाळण्याच्या आत काळोखात तिच्यावरील प्रक्रिया पुरी करावयाची. सगळा खेळ अवघ्या काही मिनिटांचा. माळव्याच्या उन्हाळ्यात तो थर किती लवकर वाळत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. बाहेरगावी जावयाचे तर काळोख्या तंबूसह सारी रसायने बरोबर न्यावी लागत.

धंद्याच्या दृष्टीने मात्र या पद्धतीत एक मोठा गुण होता. पहिली काच तयार होईपर्यंतच खरा खर्च व खरे कष्ट. एकदा ती निगेटिव्ह साधली की तिच्यावरून कागदी प्रती कितीही काढता येत. म्हणजे गिऱ्हाईक एकदाच खुर्चीवर बसले तरी त्याची मागणी वर्षानुवर्षे येत राहू शकते. अट एवढीच की काच जपून ठेवलेली असावी आणि हवी तेव्हा सापडावी. व्यक्तिचित्रांच्या धंद्याचे सारे गणित या एका गोष्टीवर उभे होते.

हे गणित बिघडते कसे, हे पाहावयाचे तर क्षणभर पॅरिसकडे वळावे लागेल. तेथे आंद्रे दिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४ च्या नोव्हेंबरात एका युक्तीचे पेटंट घेतले. एकाच काचेवर आठ लहान चित्रे घ्यावयाची आणि ती कापून भेटपत्राएवढ्या पुठ्ठ्यांवर चिकटवावयाची. चित्र एकाएकी स्वस्त झाले, आणि जी व्यक्तिचित्रे केवळ श्रीमंतांना परवडत ती मध्यम वर्गाच्याही आल्बमांत जाऊन बसली. १८६० नंतरच्या काही वर्षांत या भेटपत्री चित्रांचे युरोपात वेडच लागले. दिस्देरीने अमाप पैसा मिळविला, लंडन व माद्रिद येथेही स्टुडिओ थाटले. पण युक्ती सोपी होती व पेटंटाने तिचे रक्षण झाले नाही. गल्लोगल्ली तीच चित्रे निघू लागली, किमती कोसळल्या आणि फॅशनही पालटली. स्वस्त चित्रे पुष्कळ विकणे, यापलीकडे दिस्देरीपाशी दुसरे उद्दिष्टच उरले नव्हते. १८८९ मध्ये पॅरिस येथे तो निर्धन अवस्थेत मरण पावला.

आता पुन्हा इंदुरास येऊ. दीनदयाळ यांचे पहिले उद्दिष्ट विक्रीचे नव्हते, हे त्यांच्या आरंभीच्या वर्षांवरून दिसते. प्रथम हात बसावयास हवा होता आणि नाव व्हावयास हवे होते. मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांस उत्तेजन दिले. महाराज तुकोजीरावांनीही आश्रय दिला व पुढे जहागीर देऊन गौरव केला. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांचे छायाचित्र घेण्याची संधी या हौशी नोकरास मिळाली. त्याच सुमारास इंदूर येथे त्यांचा पहिला स्टुडिओ उभा राहिला. येथे एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. स्टुडिओ निघाला, पण नोकरी सुटली नाही. धंद्याच्या कमाईवर चूल अवलंबून नव्हती, म्हणून भाव पाडून गिऱ्हाईक ओढण्याचा प्रसंगही आला नाही.

१८८२ मध्ये डेली यांच्या जागी आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी बुंदेलखंडाकडे दौरा केला. ग्वाल्हेर, खजुराहो आदी स्थळांची जी चित्रे त्यांनी घेतली, त्यांचा ग्रंथ ग्रिफिन यांच्या मजकुरासह १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रवासात त्यांस संस्थानिक भेटले, त्यांचे दरबार दिसले, आणि व्यक्तिचित्रांस गिऱ्हाईक कोठे आहे हेही उमगले असावे. तेव्हा त्यांनी जे केले ते आम्हां नोकरवर्गास विशेष बोधप्रद वाटते. राजीनामा न देता त्यांनी दोन वर्षांची दीर्घ रजा काढली. ती रजा म्हणजे एक मोजकी मुदत होती : या अवधीत धंदा स्वतःच्या पायावर उभा राहतो की नाही हे कळावे, न राहिल्यास खुर्ची शाबूत असावी. धंदा उभा राहिला. लवकरच त्यांनी निवृत्ती पत्करली, तेव्हा नोकरीची सुमारे वीस वर्षे पदरी पडली होती.

दुसऱ्या स्टुडिओसाठी त्यांनी १८८६ मध्ये सिकंदराबाद निवडले. ही निवड किती विचारपूर्वक होती ते पाहा. सिकंदराबाद ही इंग्रजांची मोठी लष्करी छावणी. छावणीत पलटणी येत आणि जात. येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यास विलायतेत आईबापांकडे धाडण्यासाठी गणवेशातील चित्र हवे असे, आणि जाणाऱ्या पलटणीस निरोपाचा समूह-फोटो. गिऱ्हाईक आपणहून बदलत राही. शेजारीच हैदराबाद, म्हणजे सहावे निजाम महबूब अली खान यांचा दरबार व सधन उमराव. १८७४ पासून वाडीमार्गे मुंबईशी रेल्वे जोडलेली असल्याने माल येण्याची सोय होती. शिवाय १८८० च्या दशकात कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या काचा मिळू लागल्या होत्या. काच आगाऊ विकत आणून ठेवावी आणि चित्र घेतल्यावर सवडीने धुवावी, हे शक्य झाल्याने एकट्या उस्तादाचे काम नोकरांत वाटून देता येऊ लागले. पूर्वी ज्याची कल्पनाही करवत नव्हती ते आता आटोक्यात आले होते, आणि दीनदयाळ यांनी नेमके त्याच वेळी पाऊल उचलले. निजामांनी त्यांस आपले दरबारी छायाचित्रकार नेमले व १८९४ मध्ये राजा मुसव्विर जंग बहादूर हा किताब दिला.

तथापि मोठे गिऱ्हाईक लाभले म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. हैदराबादेत घराघरांतील निम्मी माणसे त्यांच्या कॅमेऱ्यासमोर येऊच शकत नव्हती. ती पडद्यात होती. या गिऱ्हाइकासाठी भाव कमी करून किंवा जाहिरात वाढवून उपयोग नव्हता. अडचण निराळी होती आणि तोडगाही निराळा हवा होता. १८९२ मध्ये दीनदयाळ यांनी केवळ स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला, उंच भिंतींच्या आड, आणि तो केनी-लेविक या इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. नवे शहर न गाठता, त्याच शहरात, त्याच कुटुंबांत, आजवर वगळलेल्या गिऱ्हाइकापर्यंत धंदा पोहोचला. आमच्या मते त्यांच्या साऱ्या आखणीत हे पाऊल सर्वांत सूक्ष्म विचाराचे आहे.

तिसरा स्टुडिओ १८९६ मध्ये मुंबईस निघाला. मुंबईस फोटोग्राफीचे नावीन्य उरले नव्हते. तेथील फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजींसारखे विद्वान तिचे सभासद होते, आणि पेढ्याही बऱ्याच होत्या. अशा बाजारात नवख्याने उतरणे धाडसाचे. परंतु दीनदयाळ उतरले ते दोन दशकांचे नाव, शिकलेली माणसे आणि हाताशी आलेले पुत्र यांसह. पुढील वर्षी, १८९७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाची शाही सनदही त्यांस मिळाली. इंदूर, सिकंदराबाद, मुंबई : प्रत्येक दोन पावलांत सुमारे दहा वर्षांचे अंतर आहे. आधीचा स्टुडिओ स्थिरस्थावर झाल्याखेरीज पुढचा त्यांनी काढला नाही.

या आखणीतही एक उणीव राहून गेली, आणि ती झाकून ठेवणे इतिहासास शोभणार नाही. पेढीचा डोलारा दोन खांबांवर उभा होता. एक दरबारांचा आश्रय, दुसरा स्वतः दीनदयाळ. १९०४ मध्ये पुत्र धरमचंद वारले, १९०५ मध्ये खुद्द दीनदयाळ गेले, आणि १९११ मध्ये निजाम महबूब अली खानही निवर्तले. इकडे १८८८ मध्ये कोडॅकचा हातातला कॅमेरा व १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी निघून घरोघरी हौशी छायाचित्रकार तयार होऊ लागले होते. पेढीचे पूर्वीचे वैभव पुढे राहिले नाही. धंदा वाढविण्याची पायरी दीनदयाळ यांनी प्रत्येक वेळी अचूक मोजली. आपल्यामागे तो कशावर टिकेल याचा अंदाज मात्र अपुरा राहिला, असे म्हणावे लागते.

टिकले ते काचेचे भांडार. पुन्हा मागणी आल्यास प्रत काढून देता यावी म्हणून जपलेल्या त्या काचांपैकी २,८५७ निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने दीनदयाळ यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. व्यापारी शिस्त म्हणून सांभाळलेला माल आज राष्ट्राचा ठेवा होऊन बसला आहे.

आता आपल्यापुरते बोलू. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतील पंधरावा नियम आपणां सर्वांस ठाऊक आहे. पूर्वपरवानगीवाचून व्यापार करता येत नाही. परंतु कामात कुचराई न होता प्रसंगोपात्त साहित्यिक वा कलाविषयक काम करण्यास तोच नियम मोकळीक देतो. म्हणजे दीनदयाळ यांची पहिली पायरी, हात बसविण्याची, आजही आपणांस खुली आहे. वीस वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर स्वेच्छानिवृत्तीची वाटही आहे. मधल्या काळात काय करावयाचे, एवढाच प्रश्न उरतो.

ज्या कोणा वाचकाच्या मनात लहानशा स्टुडिओचे चित्र असेल, त्याने एखाद्या रविवारी कागद घ्यावा आणि पुलाचा अंदाज करावा तसा त्याचा अंदाज करावा. वर्षाकाठी किती बैठका, पैकी पुन्हा प्रती मागणारे किती. आपल्या गावात सतत बदलत राहणारे गिऱ्हाईक कोणते, आणि कॅमेऱ्यासमोर अद्याप न आलेले कोणते. किती महिन्यांची मुदत स्वतःस द्यावयाची, आणि ती सरल्यावर जमले नाही तर काय. आपण नसताना दुकान कोण उघडील. आकडे लहान निघाले तरी खंत करू नये. इंदूरच्या त्या कचेरीतील गृहस्थाचा पहिला आकडाही एकच होता : एक कॅमेरा.