ठेच

आमच्या माळ्यावर आगकाड्यांचा एक राजवाडा आहे. म्हणजे दोन बुरूज नि अर्धा जिना! गेली अठरा वर्षे आमच्या हिच्या लेखी ती अडगळ, माझ्या लेखी 'काम चालू'.

फ्रान्समधल्या ओतरीव गावच्या फर्दिनां शव्हाल या पोस्टमनचेही असेच झाले होते. मनातला राजवाडा त्याने लोक हसतील म्हणून लपवून ठेवला, नि पंधरा वर्षांत जवळजवळ विसरला. १८७९ साली टपाल वाटताना त्याला एका दगडाची ठेच लागली. दगड देखणा होता, खिशात घातला. पुढे खिसे पुरेनात तेव्हा टोपली आली, मग हातगाडी. लोक वेडा म्हणाले. ३३ वर्षांनी, १९१२ साली, २६ मीटर लांबीचा राजवाडा पुरा! खर्ची पडलेले तास त्याने भिंतीवरच कोरले : ९३,०००. हिशेब असा हवा! १९६९ साली फ्रेंच सरकारने त्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. मीही माळ्यावर चढलो. चार रविवारांत जिना झाला, कळसही चढला.

ही बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान झालाय हो. आता एक काडी उरली असेल तर द्या, चहा टाकते."